वाढत्या अंगाचा स्वेटर

"अहो, त्याचा दुसरा हात कुठंय?" बायकोनं पलंगावरून विचारलं.

टिंगूनं मधल्याला उलटसुलट करून पाहिलं. एक हात बाहीतून बाहेर आला होता, दुसरा स्वेटरच्या पोटात कुठंतरी भटकत होता. बाहेर अजून धड उजाडलं नव्हतं आणि नळाचं पाणी हाताला चावत होतं. थोरली स्वतःची स्वतः तयार होऊन दारात उभी होती आणि उशीर होतोय हे बापाला पुन्हा पुन्हा सांगत होती. धाकटीच्या एका पायात मोजा चढवला की ती दुसऱ्या पायातला काढून तोंडात घालत होती. बायकोचा पाय प्लास्टरमध्ये होता. मोरीत घसरून पडल्यापासून ती पलंगावरूनच संसार हाकत होती, आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा जास्त कडक हाकत होती.

टिंगू हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ताडमाड माणसांच्या घराण्यात हा एकटाच बुटका निघाला. मिसरूड फुटायच्या आधीच त्याची उंची जी थांबली ती थांबलीच. तेव्हापासून सगळं घर त्याला टिंगू म्हणायला लागलं, आणि आता डोक्यात पांढरे केस आले, पदरात तीन मुलं आली, तरी नाव काही वाढलं नाही. धंद्यानं तो आल्टरेशनवाला. एका कापडाच्या दुकानाच्या जिन्याखाली मशीन टाकून बसायचा. नवीन काही शिवायचा नाही. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कंबर सैल करायची, चेन बदलून द्यायची, म्हणजे दुनियेला जे बसत नाही ते बसवून द्यायचं, हा त्याचा उद्योग.

आदल्या दिवशी त्याच जिन्याखाली फोन आला. आत्या गेली. आईवडिलांच्या मागं एवढ्याशा टिंगूला ज्या आत्यानं कडेवर घेऊन आपल्या घरी नेलं, स्वतःच्या मुलाच्या ताटाशेजारी त्याचं ताट मांडलं, ती आत्या. फोन आतेभावाचा होता. त्याला सगळे दादा म्हणत, आणि दादाला फालतू बोलायची सवय नव्हती. उद्या दुपारी बाराला नेऊ, त्यापुढं थांबता येणार नाही, एवढं सांगून त्यानं फोन ठेवला. टिंगू मशीनवर डोकं टेकून रडला. समोर पँट न्यायला आलेलं गिऱ्हाईक उभं होतं, ते बिचारं पँट न घेताच गेलं.

बाराच्या आत पोचणं त्याला भागच होतं, आणि त्याला तसंच कारण होतं. आत्याचे यजमान गेले तेव्हा खांदा द्यायला टिंगू मोठ्या उमेदीनं पुढच्या उजव्या दांड्याला उभा राहिला. बाकीचे तिघं ताडमाड. उचलल्याबरोबर सगळं त्याच्या कोपऱ्याकडं कललं आणि काका टिंगूच्या दिशेनं घसरायला लागले. एकच गडबड उडाली. दादानं पटकन सावरलं आणि सगळ्यांच्या देखत सांगितलं की टिंगू, तू बाजूला हो. मग काहीतरी काम द्यायचं म्हणून सगळ्यांचे चष्मे आणि मोबाईल त्याच्याकडं सांभाळायला दिले. अंत्ययात्रेच्या शेवटी टिंगू दोन्ही खिसे फुगवून चालला होता आणि वाटभर त्याच्या खिशात कोणाचा ना कोणाचा फोन वाजत होता.

आत्यानं ते खिडकीतून पाहिलं होतं. नंतर एकदा स्वयंपाकघरात तिनं त्याला जवळ बसवून सांगितलं, "माझ्या वेळी तू बाजूला नको होऊस. मी वाकडी गेले तरी चालेल मला."

तेव्हा टिंगू हसला होता. काल फोन ठेवल्यापासून मात्र ते वाक्य त्याच्या डोक्यातून हलत नव्हतं. बायकोला तो म्हणाला होता, एकटाच जाऊन येतो. बायको म्हणाली, या पायानं मी त्या तिघांच्या मागं पळू का सरपटू? शिवाय आत्याला मुलांचा लळा होता. न्या सगळ्यांना, पण मोजत राहा. चढताना मोजा, उतरताना मोजा. हे तिनं इतक्या वेळा बजावलं की धाकटीसुद्धा बोटं दुमडून मोजायला लागली.

आता राहिला तो स्वेटर. काका ज्या लोकरीच्या गिरणीत होते ती बंद पडली, तेव्हा कामगारांना शिल्लक लोकर वाटून टाकली होती. काकांच्या वाट्याला पोतीच्या पोती आली आणि सगळी एकाच रंगाची, शेवाळी. त्या लोकरीवर आत्यानं सगळ्या गोतावळ्याला जन्मभर थंडीपासून वाचवलं. घराण्यात मूल जन्मलं की शेवाळी स्वेटर आणि शेवाळी माकडटोपी हे ठरलेलं. माप एकच: मूल आज आहे त्याच्या दीडपट. कोणी कुरकुरलं की ती म्हणायची, वाढत्या अंगाचा आहे, घाल. बाह्या हाताच्या पुढं लोंबायच्या, टोपी नाकापर्यंत यायची, आणि लोकर अशी टोचायची की थंडी परवडली.

टिंगूलाही दर काही वर्षांनी एक मिळायचा. त्याचं अंग वाढायचं थांबलंय हे सगळ्या जगानं मान्य केलं, आत्यानं केलं नाही. शेवटचा स्वेटर तिनं अलीकडंच विणला होता आणि तो त्याच्या गुडघ्याला लागत होता. जगाचे कपडे आखूड करणाऱ्या माणसाला तो मात्र आखूड करता येत नव्हता. विणलेल्या लोकरीला कातर लावली की सगळा उसवत जातो. एकदा नुसती बाही दुमडून टाके घालू का, असं विचारलं, तर आत्या म्हणाली, हात तर लावून बघ, अजून वाढशील तू.

बायको म्हणाली, "आज तरी तो घाला." त्यानं घातला. बाह्या तीन वेळा दुमडल्या आणि निघाला.

बसमध्ये पहिला तासभर बरा गेला, म्हणजे मुलं झोपली होती तोवर. मग धुकं वाढलं, बस बैलगाडीच्या चालीनं चालायला लागली आणि मुलं उठली. थोरलीनं बापाचा मोबाईल घेऊन त्यावर गाणी लावली. मधला खिडकीच्या काचेला जीभ लावून बसला. कुठलीही काच दिसली की चाटून बघायची ही त्याची जुनी खोड. लाथा मारणं ही दुसरी. धाकटीनं सगळं दूध पिऊन टाकलं, शहाण्यासारखी बापाच्या छातीवर डोकं टेकून पडली, आणि एका वळणावर ते सगळं दूध आत्याच्या स्वेटरवर परत केलं. शेजारचे गृहस्थ उठून मागं गेले ते शेवटपर्यंत पुढं आले नाहीत.

मध्ये एका थांब्यावर चहापाण्यासाठी बस थांबली. मागं आणखी एक बस येऊन उभी राहिली. धुकं इतकं की चहाच्या टपरीतला दिवा तेवढा दिसत होता आणि टपरीवाला नुसता ऐकू येत होता. टपरीशेजारी कोणीतरी शेकोटी केली होती आणि दोन्ही बसमधली पोरं तिच्याभोवती जमली होती. टिंगूनं मुलांना तिथं उभं केलं, धाकटीला कडेवर घेऊन तिचं तोंड धुतलं, स्वतःचा स्वेटर पुसला, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. टिंगूची तारांबळ उडाली. पण बायकोचा शब्द तो विसरला नाही. शेकोटीपाशी जाऊन त्यानं एक शेवाळी स्वेटर धरला, दुसरा शेवाळी स्वेटर धरला, तिसरा कडेवर होताच. चढताना मोजलं, तीन. बसल्यावर परत मोजलं, तीन. बायको इथं असती तर खूश झाली असती, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

मधला आता खिडकीपाशी गुपचूप बसला होता. काच चाटत नव्हता, लाथा मारत नव्हता. टिंगूला वाटलं, लेकराला कळलं असावं आपण कशाला चाललोय. त्यानं मायेनं माकडटोपी वर केली.

टोपीखाली भलताच मुलगा होता.

टिंगूनं टोपी परत खाली ओढली आणि परत वर केली, पण मुलगा तोच राहिला. गोरा, भांग पाडलेला, शांतपणे बघणारा.

टिंगूनं विचारलं, "बाळा, तू कोणाचा?"

"अनोळखी माणसांशी बोलायचं नाही, असं बाबांनी सांगितलंय."

"अरे, मग अनोळखी माणसाबरोबर बसमध्ये चढलास कसा?"

मुलानं भांगावरून हात फिरवला. मग म्हणाला, "चढायचं नाही, असं नव्हतं सांगितलं."

टिंगूनं थोरलीकडं पाहिलं. तिनं मोबाईलवरून मान न उचलता सांगितलं की तिला हे मघाशीच दिसलं होतं. मग बोलली का नाहीस, म्हणून त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही बदलून घेतलात. राहू दे ना बाबा, हा लाथा मारत नाही."

टिंगूनं त्या मुलाचा स्वेटर निरखून पाहिला. एक बटण काळं, एक तपकिरी, एक पितळी, म्हणजे काकांच्या जुन्या कोटांची बटणं. खालच्या काठाला आतून दुमड, पुढं वाढवता यावा म्हणून. शंकाच नको, आत्याचाच हात. म्हणजे हा पोरगा कोणातरी नातेवाइकाचा, तोही तिकडंच निघालेला, आणि आपला मधला त्या नातेवाइकाकडं. टिंगूनं मोबाईल ओढून घेतला तर गाण्यांनी त्याच्या बॅटरीचा जीव नुकताच घेतला होता. त्यातल्या त्यात एक बरं झालं, बायकोला कळवायचा प्रश्न मिटला.

कंडक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, तुमचा नव्हता तर चढवलात कशाला? मग मात्र त्यालाही दया आली. मागची बस येईलच, ती साधी आहे, गावोगाव थांबत येते, पण येईल, असं तो म्हणाला. मधला तिच्यात असला तर ठीकच, पण थांब्यावरच मागं राहिला असला तर काय, ते मात्र त्याला सांगता येईना. पुढच्या फाट्यावर उतरवतो, काय ते ठरवा.

थोरली म्हणाली, "पण बाबा, तोही आत्याआजीकडंच येणार ना? मग आपण पुढं जाऊन थांबू की."

पोरगी चुकीचं काही बोलत नव्हती. या बसनं बाराच्या आत पोचता येत होतं. उतरलं की बारा गेले, आत्या गेली, खांदा गेला. टिंगू सीटचा दांडा धरून उभा राहिला आणि त्याच्या डोळ्यांपुढं एकच दिसायला लागलं: मधला शेकोटीपाशी एकटा उभा आहे, बाह्या लोंबतायत, टोपी नाकावर आलीय आणि ती वर करायला कोणी नाही. असाच एक पोरगा फार वर्षांपूर्वी एका दारात उभा होता आणि आत्या आपलं सगळं काम टाकून त्याच्यासाठी आली होती. आज आत्या या बसमध्ये असती तर कंडक्टरशी भांडत बसली नसती, केव्हाच उतरली असती. टिंगू उतरला. उतरताना मोजायचं मात्र त्यानं टाळलं.

फाट्यावर कोणी नव्हतं. परत जाणारी बस पलीकडच्या बाजूला थांबेल म्हणून तो तिन्ही पोरं घेऊन रस्त्यापलीकडं उभा राहिला. थंडीनं दातावर दात वाजत होते. त्या शहाण्या मुलानं आपणहून त्याचं बोट धरलं. आत्या, माफ कर मला, असं टिंगू मनात म्हणाला आणि त्याला रडू कोसळलं. बाप रडतोय म्हणून धाकटी रडायला लागली, धाकटी रडतेय म्हणून थोरली तिला रागवायला लागली.

एवढ्यात धुक्यातून ती साधी बस येऊन समोरच्या बाजूला थांबली. तिच्या एका काचेवर कोणीतरी पुसल्यासारखा गोल केला होता आणि त्या गोलाच्या मधोमध एक गुलाबी जीभ चिकटली होती.

ती जीभ टिंगूनं हजारांत ओळखली असती. पोरांची गाठोडी बगलेत मारून तो बसमध्ये असा शिरला की लोकांनी आपापल्या पिशव्या पोटाशी धरल्या. आत त्याचा चुलतभाऊ बसला होता. हा चुलतभाऊ एका शाळेत पीटी शिकवायचा, घरात त्याला पीटीसरच म्हणत. त्याची बायको आधीच आत्याकडं गेली होती, म्हणून दोन मुलांना घेऊन तो मागून निघाला होता. पीटीसरला अजून कसलाच पत्ता नव्हता. टिंगूला बघून त्यानं आधी जागा करून दिली आणि मग सांगितलं की मुलं नेताना शिस्त लागते. थांब्यावर त्यानं मुलांना रांगेत उभं करून नंबर बोलायला लावले होते. एक म्हटलं, दोन म्हटलं, बसमध्ये चढले, संपलं.

"दोन कोण म्हणालं?" टिंगूनं विचारलं.

"मी," मधला अभिमानानं म्हणाला. त्याच्या हातात बिस्किटांचा आख्खा पुडा होता.

पीटीसरनं त्याची टोपी वर केली. मग टिंगूच्या बोटाला धरलेल्याची टोपी वर केली. त्याच्या चेहऱ्यावरची शिस्त एकदम उतरली. तो हळूच म्हणाला, "माझ्या बायकोला सांगू नकोस." टिंगू म्हणाला, माझ्याही. इतक्या वर्षांत दोघा भावांचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं. मधला मात्र परत यायला तयार नव्हता. त्याला खिडकी मिळाली होती.

बस थांबत थांबत निघाली. प्रत्येक थांब्यावर टिंगू घड्याळाकडं बघत होता आणि शेवटी त्यानं बघणं सोडून दिलं.

गल्लीच्या तोंडाशी उतरले तेव्हा बारा कधीच वाजून गेले होते. टिंगू धाकटीला घेऊन पळत सुटला, मागं स्वेटरांची रांग. घराच्या दाराबाहेर माणसं उभी होती. आत्याला बाहेर आणून ठेवलं होतं. दादा मनगटावरचं घड्याळ दुसऱ्या हातानं झाकून उभा होता. टिंगू समोर येऊन धापा टाकत राहिला. त्याच्या छातीवर सुकलेलं दूध होतं आणि एक बाही सुटून गुडघ्यापर्यंत लोंबत होती.

दादा एवढंच म्हणाला, "लोक निघा म्हणत होते. मीच म्हटलं, थोडं थांबू." मग त्यानं मान वळवली. दादा रडतो हे टिंगूला ठाऊकच नव्हतं.

टिंगूनं आत्याचा चेहरा पाहिला, मुलांना दाखवला. मग चौघं पुढं व्हायला लागले. दादा, पीटीसर, दादाचा मुलगा. चौथा शेजारचा कोणी उंच माणूस पुढच्या उजव्या दांड्याकडं निघाला होता. टिंगू मध्ये येऊन उभा राहिला.

"टिंगू, तू पोरांना घेऊन मागून चाल," दादा हलकेच म्हणाला. "मागच्या वेळी काय झालं माहीत आहे ना. ती कलेल."

"कलू दे. तिला चालतं. तिनं मला सांगितलंय."

चार माणसं कुजबुजायला लागली. टिंगूनं धाकटीला थोरलीच्या कडेवर दिलं आणि अंगातला स्वेटर काढला. एवढ्या थंडीत हा काय करतोय, हे कोणाला कळेना. त्यानं स्वेटर डाव्या हातावर पसरला, गिऱ्हाइकाचा कपडा घडी करायचा तशा दोन्ही बाह्या आत घेतल्या, दुधाचा डाग आत जाईल अशी मधून घडी घातली, मग परत एक घडी, आणि परत एक. त्या जाड टोचऱ्या लोकरीची चांगली उशीएवढी चळत झाली. ती त्यानं उजव्या खांद्यावर ठेवली, थोपटून बसवली आणि दांड्याखाली उभा राहिला.

चौघांनी उचललं.

पीटीसर मागच्या बाजूला होता. जन्मभर रांगा बघितलेल्या त्याच्या नजरेनं एकदा पायांकडून डोक्यापर्यंत पाहिलं.

"सरळ आहे," तो म्हणाला.

ते निघाले. टिंगूच्या अंगात नुसता सदरा होता आणि वारा आरपार जात होता. मागं थोरलीच्या कडेवर धाकटी, मग मधला, मग पीटीसरची दोन्ही मुलं, सगळी शेवाळी, सगळ्यांच्या बाह्या लोंबणाऱ्या. थोरली पुटपुटत त्यांना मोजत होती आणि या खेपेला टोप्या वर करून मोजत होती. मधल्यानं कोणालातरी विचारलं की बाबा उंच कधी झाले.

गल्ली संपल्यावर तो उंच शेजारी जवळ आला आणि आता मी घेतो, तुम्ही दमला असाल, असं म्हणाला. टिंगूनं राहू दे म्हटलं. पुढच्या वळणावर त्यानं परत विचारलं, तेव्हाही राहू दे म्हटलं. लोकर कानाला आणि मानेला टोचत होती, लहानपणी टोचायची तशीच. तेव्हा तो सारखी मान इकडंतिकडं करायचा आणि आत्या रागवायची. आज त्यानं मान जराही हलवली नाही.